स्त्रीचा अपराध आणि समाजाचा वांटा

स्त्रिया अपराधास कां प्रवृत्त होतात, असा प्रश्न निघाला कीं पुष्कळांस त्याचें उत्तर स्त्रीस्वभावांत सांपडतें. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

इ. स. १८८१ मध्यें सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेस बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत तिच्याऐवजीं काळें पाणी आलें व पुढें शिक्षा आणखी कमी झाली. या निमित्तानें ‘पुणें वैभव’ पत्रानें समस्त स्त्रीजातीस दूषणें दिलीं. तेव्हां बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ प्रसिद्ध करून, या पापांतील पुरुषाच्या वांट्याकडे बोट दाखविलें.

जोतीराव फुले यांनीं हें मर्म आधींच ओळखलें होतें. १८५६ सालीं विधवाविवाहास कायद्याची मान्यता मिळाली, रूढीची मिळाली नाहीं. फसलेल्या विधवेपुढें आत्मघात किंवा अर्भकाचा घात, एवढेच मार्ग उरत. म्हणून १८६३ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई यांनीं पुण्यांत बालहत्याप्रतिबंधक गृह काढलें. १८८४ पर्यंत तेथें ३५ विधवा बाळंत झाल्या. तेथेंच जन्मलेल्या एका विधवेच्या मुलास या दांपत्यानें दत्तक घेतलें, तोच यशवंत. फांशीच्या भयानें जें साधलें नाहीं, तें उघड्या दारानें थोडेंबहुत साधलें.

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामी अमलांत होता. पण हाच प्रश्न पुढें तेथें वेगळ्या रूपानें उभा राहिला. सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागें तेथें २००१ सालीं ८९४ मुली होत्या. २०११ सालीं ८०७ च उरल्या. २०१२ मध्यें परळी येथें गर्भपातांत एक स्त्री दगावली. २०१९ सालीं डॉक्टर पतिपत्नीसह मृत स्त्रीच्या पतीसही शिक्षा झाली.

गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यांत असें गृहीत धरलें आहे, कीं गर्भवतीवर पतीनें वा नातलगांनीं सक्ती केली असावी. तसें नव्हतें हें दाखविण्याचा भार दुसऱ्या पक्षावर आहे. ताराबाईंचें म्हणणें कायद्यास पटण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

तथापि परळीच्या खटल्यांत दोषी ठरलेली डॉक्टरीणही स्त्रीच होती. तिच्यापाशीं विद्या होती, पर्यायही होता. म्हणून अपराधी स्त्रीचा न्याय करितांना ती स्त्री आहे एवढेंच पाहून भागणार नाहीं. तिच्यापुढें किती दारें उघडीं होतीं, तें आधीं मोजलें पाहिजे.