मागची सीट आणि साहेबांचा मान

एरवी आपण लढायांविषयी बोलतो. आजचा विषय आहे गाडीतला सीटबेल्ट. तो जीव वाचवतो हे ठाऊक असूनही माणसं तो का लावत नाहीत? या प्रश्नालाही इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात एका फौजी माणसापासून होते.

जॉन स्टॅप हे अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर. अचानक थांबण्याचा धक्का माणसाचं शरीर किती सोसतं, हे त्यांना शोधायचं होतं. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत ते रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतः बसले. वेग ताशी हजार किलोमीटरच्या पुढे गेला आणि दीड सेकंदाच्या आत गाडी थांबली. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेना, पण पट्ट्यांनी नीट बांधलेला माणूस वाचला. विमान अपघातांपेक्षा मोटार अपघातांत आपली माणसं जास्त जातात, हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि मोटारीत पट्टा हवा म्हणून ते वर्षानुवर्षं झगडले. हा धाडसी माणूस १९९९ मध्ये, ८९व्या वर्षी, आपल्या घरीच गेला.

१९५९ मध्ये व्होल्वो कंपनीचे नील्स बोलिन यांनी आजचा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आणला. ते त्याआधी लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत होते. कंपनीने पेटंट स्वतःपुरतं न ठेवता सगळ्यांना वापरू दिलं. म्हणजे शोध लागला, तोही मोकळा झाला. आता प्रश्न सुटायला हवा होता. पण खरी लढाई इथे सुरू झाली.

अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे झाले. बहुतेक लोकांनी ते तसेच पडू दिले. १९७४ च्या मॉडेलांत अशी सोय केली की पुढच्यांनी पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही. लोक एवढे चिडले की त्याच वर्षी संसदेने ही सक्ती काढून टाकली. मॅसॅच्युसेट्समध्ये तर मतदारांनी १९८६ मध्ये पट्ट्याचा कायदाच रद्द केला. तो १९९४ मध्ये परत आला. 'माझी गाडी, माझा जीव, सरकारचा काय संबंध?' हा तिथला सवाल. उलट ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्येच पट्टा लावणं सक्तीचं केलं, दंड घेतला, आणि लोकांना सवय लागली.

आपल्याकडे कुणी स्वातंत्र्याच्या गोष्टी करत नाही. आपली कारणं वेगळी. 'इथे कोपऱ्यापर्यंतच जायचंय.' 'तीस वर्षं गाडी चालवतोय.' 'आग लागली तर अडकून पडू.' 'वेळ आली की कोण वाचवणार?' आणि सर्वांत मोठं, न बोललं जाणारं कारण म्हणजे मान. मागची सीट ही साहेबांची. पट्टा ड्रायव्हरने लावायचा, साहेबांनी नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ मात्र मागे, पुढे तोंड करून बसणाऱ्यालाही पट्टा लावायला सांगतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या दोघांनीही पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. तोवर हा नियम कितीजणांना माहीत होता?

ताशी ६० किलोमीटरच्या गाडीत बसलेला माणूस म्हणजे सुमारे १४ मीटरवरून, चौथ्या मजल्यावरून, पडणारा माणूस. दोन हातांनी तो धक्का थोपवता येत नाही. मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्यालाही घेऊन जातो. सरकारी अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावल्यामुळे १६,७१५ माणसं गेली. त्यांत ८,३३१ प्रवासी. एका वर्षात एक पायदळ डिव्हिजन संपावी, तेवढा हा आकडा.

आता माझी कबुली. मी जीप आणि जोंगाच्या जमान्यात फौजेत आलो. त्या गाड्यांत पट्टा नव्हताच. पुढे पट्ट्याची गाडी मिळाली, तरी तो लावणं मला भित्रेपणा वाटे. एका पावसाळी पहाटे गाडी घसरून झाडावर गेली. माझ्या खांद्याचं हाड मोडलं. ड्रायव्हरचा चेहरा स्टिअरिंगवर आपटला आणि त्याचा एक डोळा गेला. इस्पितळात मी त्याला विचारलं, "पट्टा का नाही लावलास?" तो म्हणाला, "साहेब, तुम्ही लावत नव्हता, मग मी कसा लावणार?"

फौजेत आम्हाला शिकवतात की हुकूम तोंडाने देता येतो, पण शिस्त पुढे उभं राहून दाखवावी लागते. मी ते धडे दुसऱ्यांना दिले, आणि किंमत त्या पोराने मोजली.

म्हणून एकच विनंती. आज गाडीत बसाल तेव्हा, मागे बसलात तरी, आधी स्वतः पट्टा लावा. मग ड्रायव्हरकडे, मुलांकडे बघा. तुम्ही लावलात, तर त्यांना सांगावं लागणार नाही.

जय हिंद.