जिल्ह्याचा मान कोणाचा?

वेसाव्याच्या माणसाला 'तुमचा जिल्हा कोणता?' असे विचारले, तर तो क्षणभर थांबतो आणि 'मुंबईच की!' असे म्हणतो. कागदोपत्री त्याचा जिल्हा मुंबई उपनगर, तालुका अंधेरी, आणि जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी वांद्र्याला. ठाणे जिल्ह्यातून साष्टीचा भाग काढून १९२० साली हा जिल्हा एकदा जन्माला आला, पुढे बृहन्मुंबईत विरून गेला, आणि १९९० साली बृहन्मुंबई जिल्ह्याची दोन शकले झाली तेव्हा पुन्हा जन्मला. आज महाराष्ट्रातील ३६ जिल्ह्यांपैकी ३४ जिल्ह्यांना जिल्हा परिषद आहे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोघांनाच नाही. सरकार दरसाल उत्कृष्ट जिल्हा परिषद निवडो वा न निवडो, तो मान वेसाव्याच्या वाट्याला यावयाचा नाही. परंतु म्हणूनच या प्रश्नाकडे तिऱ्हाइताच्या नजरेने पाहण्याची सोय आम्हां उपनगरवासीयांना आहे. जिल्ह्याचा कारभार उत्तम चालला तर त्याचा मान कोणाला द्यावयाचा?

अमेरिकेत आपल्या जिल्ह्याच्या जवळपास जाणारा घटक म्हणजे काउंटी. तेथे पुष्कळ ठिकाणी लोक आधी मंडळ निवडतात, आणि ते मंडळ पगारी कारभारी नेमते. अशा कारभाऱ्यांच्या उत्तम नेतृत्वाबद्दल तेथे पुरस्कार दिले जातात. मालक कोण आणि चाकर कोण याविषयी तेथे फारसा घोळ नसतो. आपल्याकडे क्रम उलटा लागला. कलेक्टर आधी आला, १७७२ साली, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, आणि तोही नावाप्रमाणे वसुलीसाठी. लोकांनी निवडलेली माणसे आली ती शंभर वर्षांनी. १८८२ साली रिपनने ठराव केला, १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डाचा कायदा झाला, आणि त्या बोर्डांवरही सरकारची पकड घट्टच राहिली. जिल्ह्याचा मायबाप एकच, ही समजूत अशी चार-पाच पिढ्या मुरलेली आहे.

त्या काळी कारभारातील गौरव म्हणजे किताब. रावसाहेब, रावबहादूर, खानबहादूर, अशी ती उतरंड होती. किताब वरून खाली येई आणि सरकारच्या उपयोगी पडलेल्या माणसाला मिळे. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना याचे एक उदाहरण घरचेच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, 'दीनबंधु' चालवला, आणि १८९० साली रविवारची सुट्टी गिरणीमालकांकडून मान्य करून घेतली. सरकारने त्यांना रावबहादूर केले खरे, पण ते १८९३ च्या दंगलीनंतर शांतता राखण्यासाठी केलेल्या खटपटीबद्दल. रविवारच्या सुट्टीबद्दल नव्हे. देणारा कशाबद्दल देतो यावरून देणाऱ्याची ओळख पटते.

स्वातंत्र्यानंतर या 'एका मायबापा'च्या कल्पनेला खरा धक्का कोणी दिला असेल तर तो महाराष्ट्राने. बळवंतराय मेहता समितीने १९५७ साली तीन पायऱ्यांच्या पंचायत राज्याची शिफारस केली. पण तिच्या योजनेत जिल्हा परिषदेच्या अध्यक्षस्थानी कलेक्टरच होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० साली समिती नेमली. तिने १९६१ च्या मार्चमध्ये अहवाल दिला, आणि कलेक्टरला जिल्हा परिषदेबाहेर ठेवले! अध्यक्ष लोकांनी निवडलेला, त्याच्यासोबत विषय समित्या, आणि हाताखाली सरकारने धाडलेला मुख्य कार्यकारी अधिकारी. शाळा, दवाखाने, लहान रस्ते, शेती, पिण्याचे पाणी ही कामे परिषदेकडे. महसूल आणि शांतता-सुव्यवस्था कलेक्टरकडे. १ मे १९६२ रोजी अशा २५ जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. जिल्ह्याचे नेतृत्व जाणूनबुजून विभागले गेले. त्यात भांडणे झाली, अध्यक्ष आणि अधिकारी यांचे पटेना, साखर कारखान्याचे राजकारण परिषदेच्या ओसरीवर येऊन बसले, हे सगळे खरे. तरी खेड्यातला मास्तर बदलून हवा असेल तर ज्याच्या दाराशी जाता येईल असा माणूस जिल्ह्याला त्या दिवशी प्रथम मिळाला.

एवढा इतिहास ध्यानात घेतला की पुरस्कारांची गोष्ट निराळी दिसू लागते. एकाच माणसाच्या गळ्यात हार घालावयाचा तर तो कोणाच्या? अध्यक्षाच्या, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या, की कलेक्टरच्या? महाराष्ट्राने याचे एक शहाणपणाचे उत्तर काढले, ते असे की हार माणसाला न घालता संस्थेला घालावा. २०००-०१ साली, आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले. बक्षीस गावाला. ज्यांच्या नावाने बक्षीस ते गाडगेबाबा कोणत्याही खुर्चीवर कधी बसले नाहीत. त्यांच्या हाती खराटा होता. पुढे यशवंतरावांच्या नावाने पंचायत राज अभियान आले. त्यात उत्कृष्ट जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांचा गौरव होतो, आणि गुणवंत अधिकारी-कर्मचाऱ्यांनाही पुरस्कार असतात. सगळ्या योजनेतले हे शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि समारंभाच्या बातमीत तेच सर्वांत खाली छापलेले असते.

कारण संस्थेच्या हारातही माणसे हरवतात. युनियनच्या कामासाठी मी एका बक्षीसपात्र गावी गेलो होतो. कमानीवर सरपंचापासून मंत्र्यांपर्यंत सर्वांची नावे होती. तपासणी समिती येण्याआधी गटारे ज्याने उपसली तोच शिपाई, तोच नळ सोडणारा; त्याचा पाच महिन्यांचा पगार थकलेला होता. तो म्हणाला, 'साहेब, बक्षिसाच्या पैशातून पगार देता येत नाही म्हणतात.' नियमात तसे असेलही. पण गावाचा कारभार उत्कृष्ट ठरवताना कामगाराचा पगार वेळेवर होतो की नाही, याला गुण किती? माझ्या मते तो पहिला प्रश्न असावयास हवा.

अधिकाऱ्यांचे कर्तृत्व मी नाकारीत नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी अनिलकुमार लखिना यांनी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कलेक्टर कचेरीची घडी बदलली. कागद कोठे आहे हे सापडावे, टेबलांची मांडणी अशी असावी की काम कोठे तुंबले हे दिसावे, इतकी साधी गोष्ट. साधी म्हणूनच कोणी केली नव्हती. तिला 'लखिना पॅटर्न' असे नाव पडले आणि ती इतरत्र गेली. नाव यथार्थच आहे. पण वर्षानुवर्षांचे धुळकट गठ्ठे ज्या कारकुनांनी सोडले, लावले आणि पुन्हा बांधले, त्यांच्या हातांवाचून तो पॅटर्न कागदावरच राहिला असता.

दिल्लीनेही हा धडा थोडा उशिरा गिरवला. २१ एप्रिल १९४७ रोजी सरदार पटेलांनी मेटकाफ हाउसमध्ये नव्या सनदी उमेदवारांपुढे भाषण केले; त्याची आठवण म्हणून २००६ पासून त्या तारखेला नागरी सेवा दिन साजरा होतो आणि लोकप्रशासनातील उत्कृष्टतेसाठी पंतप्रधानांचे पुरस्कार दिले जातात. आरंभी व्यक्तीला १ लाख रुपये असत. अलीकडे जिल्ह्याला किंवा संस्थेला २० लाख मिळतात आणि ते लोकोपयोगी कामावरच खर्च करावयाचे असतात. तीनच दिवसांनी, २४ एप्रिलला, पंचायत राज दिन येतो. एक दिवस नेमलेल्यांचा आणि एक निवडलेल्यांचा, दोन्ही याच व्याख्यानांच्या ऋतूत.

या दोन दिवसांमधले अंतर मात्र मध्यंतरी फारच कमी झाले होते. २०२२ च्या मार्चमध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची आणि मुंबई महापालिकेचीही मुदत संपली. निवडणुका कित्येक वर्षे रखडल्या. प्रशासक बसले. जिल्हा परिषदेत जो मुख्य कार्यकारी अधिकारी तोच प्रशासक. ठराव करणारा तोच आणि अंमल करणाराही तोच. १९६१ साली जे विभागले होते ते पुन्हा एका मुठीत आले. त्या काळात कोणा परिषदेचे काम चांगले झाले असेल तर कागदावर मान परिषदेचा. पण परिषद होती कोठे?

आमच्या उपनगर जिल्ह्यात हे एकहातीपण नेहमीचेच आहे. २०१५ सालच्या ऑक्टोबरात अफरोज शाह या वकिलाने वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलण्यास प्रारंभ केला, शेकडो लोक त्यात सामील झाले, आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचा पृथ्वीरक्षकाचा पुरस्कार त्यांना मिळाला. तो सुयोग्यच होता. पण तो कारभाराचा पुरस्कार नव्हे. कारभार जेथे पोहोचला नाही तेथे उतरलेल्या नागरिकांचा होता. कारभाराची परीक्षा त्याच किनाऱ्यालगत, वेसावे कोळीवाड्यात आहे. मासळी वाळवण्याची जागा, होड्या ओढण्याची जागा, घरांची हद्द, हे नकाशावर उमटवण्याचा म्हणजे कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न मुंबईत वर्षानुवर्षे चालला आहे. ज्या दिवशी भूमापक नकाशा घेऊन येईल, गावातल्या म्हाताऱ्या कोळणीला 'तुमची मासळी कोठवर वाळते?' असे विचारील आणि ती दाखवील तेथवर रेघ ओढील, त्या दिवशी वांद्र्याच्या कचेरीने अवश्य समारंभ करावा. भूमापकाचे आणि त्या म्हातारीचे नाव पत्रिकेत छापावे, आणि आम्ही युनियनवाले टाळ्या वाजवायला पहिल्या रांगेत येऊ.