तापी-पूर्णेच्या खोऱ्यातली खापरे

धारणी तालुक्याच्या सीमेवरून वाहणारी तापी आणि सातपुड्यात उगम पावून अमरावती, अकोला, बुलढाण्यातून जाणारी पूर्णा या नद्या चांगदेवला एकमेकींना मिळतात. त्यांच्या खोऱ्यांत रंगवलेली भांडी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची गावे तीन-चार हजार वर्षांपूर्वी वसली. घरे कुडामातीची होती, त्यांतले फारसे काही उरले नाही. उरली ती खापरे. भाजलेली माती कुजत नाही, गंजत नाही आणि फुटके मडके वितळवून नवे करता येत नाही. शिवाय मडकी सतत फुटत राहतात आणि त्यांची घडण, रंग, नक्षी दर काही पिढ्यांनी बदलत जाते. त्यामुळे काळ ठरवायच्या कामी पुरातत्त्वज्ञाला सोन्याच्या दागिन्यापेक्षा खापराचा उपयोग जास्त.

चित्रित खापरांचा क्रम महाराष्ट्रात टप्प्याटप्प्याने उलगडला. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी संगमनेरजवळच्या जोर्वे गावी उत्खनन केले, आणि तिथल्या भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला गावाचे नाव मिळाले. त्यानंतर नर्मदेकाठी महेश्वरसमोरच्या नावडाटोलीला माळवा पद्धतीची भांडी मोठ्या प्रमाणावर सापडली. तापीकाठच्या प्रकाशे येथे १९५५ साली उत्खनन झाले, तर त्याच नदीच्या काठच्या सावळदा गावाने त्याहूनही जुन्या भांड्यांना नाव दिले. प्रवरेवरच्या दायमाबादला हे थर एकावर एक मिळाल्यावर क्रम पक्का झाला: आधी सावळदा, मग उत्तर हडप्पा, पुढे दायमाबादची स्वतःची अशी भांडी, इ.स.पू. १६०० च्या सुमारास माळवा आणि १४०० पासून जोर्वे.

जोर्वे खापर एकदा हातात घेतले की पुन्हा ओळखायला चुकत नाही. ते पातळ असते, चाकावर घडवलेले, चांगले भाजलेले. नखाने वाजवले तर टणक आवाज देते. पृष्ठभाग लाल किंवा नारिंगी, त्यावर काळ्या रंगाच्या बारीक रेषा, चौकटी, तिरप्या जाळ्या. वाडग्याच्या कडेखाली अंगाला एक धारदार वळण असते आणि पाण्याच्या भांड्याला लांब तोटी. चित्र भाजण्याआधीच काढलेले असते. भट्टीत हवा खेळती असली की मातीतले लोह लाल होते, पण मँगेनीज असलेला रंग त्या हवेतही काळाच राहतो. लालावर काळे हे रंगकाम त्यामुळे साधते, आणि रंग मातीबरोबर भाजला गेल्याने तीन हजार पावसाळ्यांनंतरही धुतला जात नाही. माळव्याच्या भांड्यांवर हात अधिक मोकळा आहे. तिथे हरणे, मोर, नाचणारी माणसेही दिसतात. जोर्वेपर्यंत येता येता कुंभाराने बहुतेक चित्रे सोडून रेषांवर भर दिला. तंत्र सुधारले, कल्पना आखडली, असे म्हणायला हरकत नाही.

वऱ्हाडात या परंपरेचा मुख्य पुरावा अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजार तालुक्यातला आहे. तिथल्या तुळजापूर गढीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे भा. प्र. बोपर्डीकर यांनी १९८४-८५ मध्ये उत्खनन केले. दायमाबादचे स्थळ १९५८ साली शोधणारे बोपर्डीकर तेच. तुळजापूर गढीच्या टेकाडात माळवा परंपरेचा शेवटचा टप्पा आणि जोर्वे, अशी दोन्ही वळणांची भांडी निघाली. याचा अर्थ नर्मदेकाठची आणि प्रवरेकाठची रंगकामाची रीत पूर्णेच्या काळ्या मातीपर्यंत पोचली होती. सातपुडा नकाशावर भिंतीसारखा दिसतो खरा. पण मेळघाटच्या पश्चिमेला, बऱ्हाणपूर-अशीरगडाजवळ, तो खाली उतरतो आणि माळव्यातून दख्खनेत यायची सोपी वाट तिथूनच आहे.

इ.स.पू. पहिल्या सहस्रकात विदर्भात चित्रे मागे पडली आणि खुणा पुढे आल्या. लोखंड वापरणारे आणि मृतांवर दगडांची वर्तुळे रचणारे महापाषाणी लोक काळी-तांबडी भांडी करत. मडके भट्टीत पालथे ठेवले की आत आणि तोंडाशी हवा पोचत नाही, तो भाग काळा पडतो; बाहेरचे अंग लाल होते. टाकळघाट-खापा आणि माहुरझरी इथल्या शिलावर्तुळांतून, तसेच अमरावती जिल्ह्यात वर्धेकाठी कौंडिण्यपूरला १९६२-६४ मध्ये मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननातून ही भांडी मिळाली. महापाषाणी भांड्यांपैकी काहींवर भाजल्यानंतर टोकदार वस्तूने ओरखडून काढलेल्या खुणा असतात: फुली, बाण, शिडी, त्रिशूळासारखी आकृती. त्या मालकाच्या, कुळाच्या की कुंभाराच्या, यावर एकमत नाही. ब्रज बासी लाल यांनी १९६० साली त्यांची तुलना हडप्पा लिपीच्या चिन्हांशी केली आणि बरेच साम्य दाखवले. पण फुली आणि शिडी कोणीही, कुठेही काढू शकतो. साम्यावरून लिपी सिद्ध होत नाही. दायमाबादच्या उत्तर हडप्पा थरातल्या खापरांची गोष्ट निराळी: तिथे हडप्पा चिन्हेच आहेत.

इजिप्तमध्ये मात्र खापर किंवा दगडाची कपची हा रोजचा कागद होता. राजांच्या थडग्यांवर काम करणारे देर अल-मदिनाचे कारागीर पपायरस महाग म्हणून खोदकामात निघालेल्या चुनखडीच्या पांढऱ्या कपच्यांवर हजेरी, उसनवारी, पत्रे लिहीत. दुसऱ्या रामसेसच्या ४० व्या वर्षातल्या एका हजेरीत विंचू चावला, डोळे आले, बीअर गाळायची होती, अशी गैरहजेरीची कारणे नोंदली आहेत. अथेन्समध्ये नको असलेल्या पुढाऱ्याचे नाव खापरावर खरडून त्याला दहा वर्षे हद्दपार करत. दख्खनेतला काळा पाषाण तशा गुळगुळीत पांढऱ्या कपच्या देत नाही, आणि रोजचे लिखाण ज्या भूर्जपत्रावर, ताडपत्रावर, कापडावर झाले ते पावसाळी हवेत टिकणारे नव्हते. म्हणून महाराष्ट्रात हजेऱ्यांचे ढीग मिळत नाहीत. विदर्भात ब्राह्मी अक्षरे टिकली ती नाण्यांवर, पवनीच्या स्तूपाच्या दगडांवर आणि मुद्रांवर. नागपूर जिल्ह्यातल्या अडमला अस्सक जनपदाचे नाव असलेली मातीची मुद्रा मिळाली आहे. पुढे वाकाटकांनी ताम्रपट कोरले. अचलपूरजवळच्या चमक गावी सापडलेला दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपट हजार ब्राह्मणांना दिलेल्या दानाचा आहे. राजाचे दान तांब्यावर राहिले. ज्यांच्या कष्टावर ते दान उभे होते, त्यांच्या घरातली फक्त मडकी उरली.

ही मडकी ज्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांत आहेत, ती टेकाडे झपाट्याने कमी होत आहेत. पांढरीची माती शेताला खत म्हणून गाड्यांनी नेण्याची रीत जुनी आहे. ट्रॅक्टर आल्यावर तिचा वेग वाढला. बुलढाणा जिल्ह्यात पूर्णेकाठी भोन येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन करून सातवाहन काळापर्यंत नांदलेली वस्ती आणि विटांचा स्तूप उजेडात आणला, पण ते स्थळ जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते.