नकोशा पाहुण्यांचा पहिला आठवडा

११ फेब्रुवारी १८१३, गुरुवार. कलकत्त्याहून निघालेले 'कॉमर्स' हे जहाज सुमारे अकरा आठवड्यांच्या प्रवासानंतर मुंबईस पोहोचले. त्यावरील उतारूंमध्ये तीन अमेरिकन होते. मॅसॅच्युसेट्सचे गॉर्डन हॉल यांना एकोणतिसावे वर्ष चालू होते. कनेटिकटचे सॅम्युएल नॉट अवघे चोवीस वर्षांचे होते. आणि नॉट यांच्या पत्नी रोक्साना त्यांच्यासोबत होत्या. या मंडळींना मुंबईत कोणी बोलावले नव्हते. एवढेच नव्हे, तर त्यांना येथून इंग्लंडला रवाना करावे, असा कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारचा हुकूम होता. ज्या शहरात आपले आयुष्य वेचायचे असे त्यांनी ठरविले, त्या शहरातील त्यांचा पहिला आठवडा आपल्याला येथे राहू देतील की नाही, याच विवंचनेत गेला.

मुंबई इलाख्यातील मराठी शाळांचा इतिहास सांगताना एल्फिन्स्टन, बाळशास्त्री जांभेकर, मेजर कँडी ही नावे येतात आणि ती यावयासच हवीत. त्यांच्याआधीच्या या तिघांची आठवण मात्र फारशी निघत नाही. त्यांचे प्रधान कार्य धर्मप्रसाराचे होते, हे त्याचे एक कारण असावे. ते कार्य त्यांना अपेक्षित होते तसे साधले नाही आणि जे केवळ साधन म्हणून हाती घेतले ते टिकले. यासाठीच त्या आठवड्याकडे पुन्हा पाहावयाचे.

मुंबईपर्यंतचा त्यांचा मार्ग सरळ नव्हता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथील टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यात आली. परदेशी धर्मकार्यासाठी अमेरिकन बोर्ड ही संस्था दोनच वर्षांपूर्वी निघाली होती आणि तिने समुद्रापार पाठविलेली ही पहिलीच तुकडी. त्यांपैकी ॲडोनिराम जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले आणि जगभर नावाजले. हॉल आणि नॉट फिलाडेल्फियाहून 'हार्मनी' जहाजाने निघाले व ऑगस्टमध्ये कलकत्त्यास उतरले. ते समुद्रावर असतानाच, १८ जून १८१२ रोजी, अमेरिकेने इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारले. बंदर सोडताना जे केवळ परदेशी प्रवासी होते, ते किनाऱ्यास लागेपर्यंत शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले होते.

युद्ध नसते तरी कंपनी सरकारने त्यांचे स्वागत केले असते, असे नाही. १८०६ मध्ये वेल्लोर येथे शिपायांचा उठाव झाला होता. धर्मात ढवळाढवळ होत असल्याचा संशय त्याच्या मुळाशी होता, आणि तो धडा कंपनीचे अधिकारी विसरले नव्हते. व्यापार आणि महसूल सुरळीत चालावयाचा तर प्रजेच्या देवधर्माला कोणी हात लावू नये, हे त्यांचे सरळ गणित. म्हणूनच विल्यम कॅरे यांनाही आपले ठाणे कंपनीच्या मुलखात न मांडता श्रीरामपूरच्या डॅनिश वसाहतीत मांडावे लागले होते. मराठीचे छापील व्याकरण १८०५ मध्ये त्या बंगाली गावी, एका इंग्रज धर्मोपदेशकाच्या हातून आणि वैजनाथ पंडितांच्या साह्याने सिद्ध झाले, ही आपल्या भाषेच्या इतिहासातील मौजेची गोष्ट आहे. कलकत्त्यास आलेल्या अमेरिकनांना आसरा मिळाला तो याच कॅरे मंडळींचा.

कलकत्त्यात त्यांना देश सोडण्याची आज्ञा झाली. पुष्कळ खटपटीनंतर मुंबईस जाण्याचा परवाना हाती पडला. पण त्यापाठोपाठ इंग्लंडकडे निघणाऱ्या गलबतांतून त्यांना पाठवून द्यावे, असा नवा हुकूम निघाला. परवाना खिशात होता आणि जहाज निघण्याच्या बेतात होते. ते जहाजावर चढले आणि नांगर उचलला जाईपर्यंत बाहेर दिसले नाहीत. हे वर्तन सचोटीचे होते काय, असा प्रश्न मुंबईच्या अधिकाऱ्यांना पुढे पडला, आणि तो गैरवाजवी म्हणता येणार नाही.

मुंबईत त्यांची गाठ गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्याशी पडली. मुंबईचा नेपियन सी रोड ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते हेच गृहस्थ. आरमारखात्यात मुरलेला, सावध, पण धर्मशील स्वभावाचा हा अधिकारी नुकताच, १८१२ च्या ऑगस्टमध्ये, गादीवर आला होता. बायबल सोसायटीच्या कार्याविषयी त्याला आस्था होती. त्याने पाहुण्यांना सौजन्याने वागविले. परंतु वरिष्ठ सरकारचा हुकूम मोडण्याचा अधिकार त्याला नव्हता. मग अर्ज, निवेदने, खुलासे यांची रीघ लागली. आपण कोण, कोठून आलो, कोणाच्या सांगण्यावरून आलो, राजकारणाशी आपला संबंध नाही, हे सारे लिहून द्यावे लागले. सहा-सात हजार कोस ओलांडून धर्मोपदेश करावयास आलेल्या तरुणांनी मुंबईत प्रथम लेखणी चालविली ती सरकारी अर्जावर.

भोवती पसरलेले शहर त्यांच्या दृष्टीने संपूर्ण परके होते. कोटाच्या आत इंग्रजांच्या पेढ्या, पारशी व्यापाऱ्यांची घरे. कोटाबाहेर मराठी, गुजराती, कोकणी, उर्दू बोलणाऱ्यांची दाट वस्ती. १८०३ च्या मोठ्या आगीनंतर नवी घरे कोटाबाहेर उठत होती. खाडीपलीकडे दूर घाटावर पेशवाई अजून उभी होती. पुण्यास दुसरे बाजीराव गादीवर होते. आज दिल्लीस नव्याने आलेला मराठी माणूस कोपर्निकस मार्गावरील महाराष्ट्र सदनात उतरला, तर संध्याकाळपर्यंत त्याला आपल्या बोलीचे चार लोक भेटतात, कोठे राहावे, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, हे सांगणारा कोणी तरी निघतोच. परक्या मुलखातल्या पहिल्या आठवड्याचे ओझे यामुळे किती हलके होते, हे राजधानीतील मराठी कुटुंबांना सांगावयास नको. हॉल आणि नॉट यांना असा आधार नव्हता. मायदेशी पत्र पाठवावे तर ते पोहोचण्यास पाच-सहा महिने, उत्तरास तितकेच, आणि मध्ये युद्ध.

एक गोष्ट मात्र त्यांनी निकालाची वाट न पाहता हाती घेतली, ती म्हणजे मराठीचा अभ्यास. उद्या हाकलले जाण्याची शक्यता असताना आज एका अनोळखी भाषेची बाराखडी गिरवावयास बसणे, यात श्रद्धेइतकाच हट्टही आहे. शब्दकोश हाताशी नाही, छापील पुस्तके जवळजवळ नाहीत, व्यवहाराचे लिखाण सारे मोडीत. ज्याच्याकडून शिकावयाचे त्याला यांची भाषा बेताची आणि यांना त्याची मुळीच नाही. मोल्सवर्थचा कोश यावयास अजून अठरा वर्षे होती.

अनिश्चिततेचे ते दिवस आठवड्याचे महिने झाले. लंडनमध्ये त्याच वर्षी कंपनीच्या सनदेवर वाद चालला होता. जुलै १८१३ मध्ये संमत झालेल्या कायद्याने धर्मोपदेशकांना परवाना घेऊन हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी केली आणि त्याच कायद्यात विद्यावृद्धीसाठी दरसाल किमान १ लक्ष रुपये राखून ठेवण्याचे कलमही घातले. आपल्याकडील सरकारी शिक्षणखर्चाचा आरंभ येथे आहे. पण या कायद्याची फळे मुंबईपर्यंत यावयास वेळ होता. त्या अवधीत कलकत्त्याहून पुन्हा कडक पत्रे आली. नोव्हेंबरमध्ये हॉल आणि नॉट एका देशी गलबतातून गुपचूप कोचीनकडे निघाले. तेथून सिलोन गाठावे, असा बेत होता. रोक्साना मुंबईतच राहिल्या. कोचीन येथे दोघांना अडविण्यात आले आणि पुन्हा मुंबईस आणण्यात आले. या पलायनाने नेपियन यांची सहानुभूतीही काही काळ आटली, असे दिसते.

डिसेंबरमध्ये इंग्लंडला रवानगी अगदी ठरल्यासारखी झाली, तेव्हा दोघांनी गव्हर्नरास शेवटचे पत्र लिहिले. त्यात विनवणी थोडी आणि सवाल अधिक होता. एका ख्रिस्ती सरकारने ख्रिस्ताचा उपदेश करणाऱ्यांना घालवून द्यावे, याचा जाब ईश्वरापुढे कोण देणार, असा त्याचा रोख होता. पत्राचा परिणाम झाला. लंडनहून स्पष्ट आज्ञा येईपर्यंत त्यांना राहू द्यावे, असे ठरले. पुढे तिकडूनही संमती मिळाली. ज्या प्रश्नाने पहिला आठवडा व्यापला होता, त्याचे पक्के उत्तर मिळण्यास अशी जवळजवळ दोन वर्षे लागली. तोपर्यंत नॉट यांची प्रकृती ढासळली होती. १८१५ मध्ये ते पत्नीसह परत गेले. सिलोनहून आलेले सॅम्युएल न्यूएल तेवढे हॉल यांच्या जोडीस राहिले.

त्याच वर्षी, १८१५ मध्ये, या मिशनने मुंबईत एतद्देशीय मुलांसाठी शाळा काढली. तत्पूर्वी येथे शाळा नव्हत्या असे मुळीच नाही. पंतोजींच्या शाळा गल्लोगल्ली होत्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवावयाची, पाढे, पावकी, निमकी तालासुरात घोकावयाची, मोडीचे वळण बसले की पेढीवर किंवा कचेरीत चिकटावयाचे, अशी ती व्यवहारचोख पद्धत होती. छापील पुस्तक तिला ठाऊक नव्हते, आणि मुलींना तिच्यात स्थान नव्हते. मिशनच्या शाळांत शिकवावयास ठेवले तेही बहुधा हिंदू शिक्षकच. कारण दुसरे मिळणार कोठून? बेने इस्रायली मुलेही या शाळांत येत. म्हणजे पुस्तक ख्रिस्ती, गुरुजी हिंदू, विद्यार्थी नाना जातीधर्मांचे, असा विलक्षण मेळ जमला होता.

मिशनरींचा हेतू झाकण्याचे कारण नाही. या देशातील लोक अंधारात आहेत, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि येथील धर्माविषयी त्यांनी लिहिलेले पुष्कळसे आज वाचवत नाही. वाचता आले की मूल बायबल वाचील आणि वाचले की ख्रिस्ती होईल, हा त्यांचा हिशेब. पहिला हिशेब बरोबर आला, दुसरा चुकला. वर्षामागून वर्षे गेली तरी बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. पालकांनी मुले पाठविली ती वाचन-लेखनासाठी. त्यांनी हवे ते घेतले, नको ते तेथेच ठेवले आणि घरी आल्यावर मुलाला देवापुढे दिवा लावावयास सांगितले. या व्यवहारात मुंबईच्या साध्या आईबापांनी जे शहाणपण दाखविले, त्याचे श्रेय त्यांना क्वचितच मिळाले आहे.

छापखान्याचेही तसेच झाले. १८१६ मध्ये होरेशिओ बार्डवेल आले आणि १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यातून मराठी मजकूर छापून निघू लागला. तो धर्मपर होता आणि त्याची मराठी अडखळती होती. 'मिशनरी मराठी' हा शब्द थट्टेने वापरला जातो, तो उगीच नव्हे. परंतु खिळे पाडणे, जुळविणे, शाई चढविणे ही कसबे मराठी हातांनी तेथे उचलली. पुढे निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी लहानपणी याच छापखान्यात टाइप घासण्याच्या कामावर होते. देवनागरीचा सुबक ठसा आणि शुद्ध छपाई यांसाठी ज्यांचे नाव काशीपर्यंत गेले आणि ज्यांच्या मुद्रणालयातून संस्कृतातील कितीतरी ग्रंथ बाहेर पडले, त्यांचे हात अमेरिकन मिशनच्या टाइपावर तयार झाले होते.

१८२४ मध्ये या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. इलाख्यातील एतद्देशीय मुलींसाठी ती पहिली शाळा समजली जाते. तिचा व्याप वाढताच तिच्यासाठी स्वतंत्र शिक्षिका हवी, अशी मागणी अमेरिकेस गेली.

ती शिक्षिका आलेली पाहण्यास हॉल उरले नाहीत. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिककडे फिरतीवर गेले. तेथे पटकीची साथ भडकली होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटली आणि परतीची वाट धरली. वाटेवरील दोडी दापूर या खेड्यात ते रात्री देवळाच्या आवारात उतरले. पहाटे त्यांनाच पटकीने गाठले आणि काही तासांत, २० मार्च रोजी, त्यांचा अंत झाला. वय एक्केचाळीस. पत्नी आणि मुले आदल्या वर्षीच अमेरिकेस गेली होती. सोबत असलेल्या दोन मुलांनी मिळेल त्या साधनाने खड्डा खणून त्यांना तेथेच पुरले. ज्या नव्या कराराच्या भाषांतरावर त्यांनी वर्षानुवर्षे श्रम केले होते, तो त्याच वर्षी मराठीत छापून पुरा झाला.

१८२७ च्या डिसेंबरअखेर सिंथिया फरार मुंबईस उतरल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठविलेल्या आरंभीच्या अविवाहित स्त्रियांपैकी त्या एक होत्या. आधी मुंबईत आणि १८३९ पासून अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. नगरची त्यांची शाळा पुण्याहून आलेल्या एका तरुणाने पाहिली. त्याचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. १८४८ मध्ये त्याने पुण्यात भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा उघडली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या.