घागरीतले पाणी आणि रजिस्टरातली नोंद

पूर्वास्पृश्य ख्रिस्ती माणसाचा इतिहास लिहायला बसले की पहिली अडचण साधनांची येते. मिशनऱ्यांचे अहवाल पुष्कळ आहेत. शाळा किती काढल्या, बाप्तिस्मे किती झाले, दवाखान्यात रोगी किती आले, हे सारे त्यांत मिळते. घर मिळत नाही. संध्याकाळी कंदील लावल्यावर त्या घरात कोण काय म्हणत होते, चुलीपाशी कोण बसत होते, सोयरीक कुठे जुळत होती, याची दखल कुणी घेतलेली नाही. आपल्या चळवळीच्या लिखाणातही हा माणूस फारसा येत नाही. आलाच तर 'दूध पावडरीचा ख्रिस्ती' या एका शिक्क्यासह येतो. मी स्वतः अशा कॅथलिक घरातला आहे. घरातला पहिला पदवीधर. तेव्हा या लेखात घराचीच साक्ष काढणार आहे, आणि ती काढताना घरच्यांची बाजू घेणार नाही असे वचन मात्र देत नाही.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत ख्रिस्ती म्हटले की प्रॉटेस्टंट मिशनच डोळ्यांपुढे येते. साताऱ्यात अमेरिकन मराठी मिशन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होते. सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन आले आणि डॉ. वानलेस यांच्या मिरजेच्या इस्पितळाने त्यांचे नाव कर्नाटकापर्यंत गेले. कॅथलिक इथे मुळातच थोडे. पुणे धर्मप्रांत १८८६ साली झाला व हे दोन्ही जिल्हे त्यात मोडतात; पण त्या काळच्या जर्मन जेसुइट धर्मगुरूंचे खरे लक्ष अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या महार-मांग वस्त्यांकडे होते. 'निरोप्या' हे कॅथलिकांचे मराठी मासिक १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केले, तेही नगरकडेच. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने या जर्मनांना शत्रुराष्ट्राचे म्हणून नजरकैदेत टाकले व मायदेशी पाठवून दिले. मेंढपाळ गेले, कळप राहिला. इकडे आमच्या भागात तर मेंढपाळ आधीच विरळ. इथले कॅथलिक कामाच्या मागे आलेले: गोवा-बेळगावकडून रेल्वेत आलेले, पाचगणी-महाबळेश्वरला साहेबांच्या बंगल्यांत राबणारे, आणि आमच्यासारखी नगरकडून पोटासाठी उठलेली घरे. धर्मगुरू महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. मधल्या काळात धर्म सांभाळला तो घराने, आणि घरात बाईने.

दलित घरातला धर्म घरातच सांभाळला जाण्याची साताऱ्याला जुनी ओळख आहे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर साताऱ्याला नोकरीस आले. भीमाबाई तिथेच १८९६ साली वारल्या. रामजी कबीरपंथी होते. मुलांना जवळ बसवून अभंग आणि कबीराचे दोहे म्हणवून घेण्याचा त्यांचा नेम होता आणि तो मोडायची मुलांची छाती नव्हती. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच हे सांगितले आहे. देवळाची पायरी बंद असलेल्या माणसाने घराची ओसरीच देऊळ केली, असा याचा अर्थ. त्याच साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 'देवाचा दरबार' मांडला. टिळकांचे घर आपल्याला आतून-बाहेरून ठाऊक आहे, कारण लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिले. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला. बाई १९०० साली झाली. मधली पाच वर्षे सोवळे-ओवळे तिच्या स्वयंपाकघरातून कसे पायरीपायरीने निघून गेले, हे मराठी वाचक कौतुकाने वाचतो. वाचावेच. पण ब्राह्मण बाई दुसऱ्याच्या हातचे पाणी प्यायली याचा ग्रंथ झाला. जिच्या हातचे पाणी कुणी पीत नव्हते त्या बाईच्या घरात काय झाले, याचे एक पानही कुणी लिहिले नाही. ती लिहू शकत नव्हती, हे त्याचे एक कारण. तिला कुणी विचारले नाही, हे दुसरे.

माझ्या आजीला मी विचारले होते.

आजोबा-आजी नगर जिल्ह्यातून निघाले ते कोयनेच्या धरणावर, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस. पाटण तालुक्यात मजुरांच्या झोपड्या पडल्या होत्या. तिथे आजीला दुसरे मूल झाले आणि आठव्या दिवशी ते निळे पडू लागले. "लेकरू जायला लागलं. फादर कुठं हुडकायचा? घागरीतलं पानी घेतलं, डोक्यावर ओतलं, मास्तरनं शिकवलेलं म्हनले," एवढेच तिने सांगितले. मास्तर म्हणजे नगरकडच्या खेड्यांत धर्मशिक्षण देणारा कतेकिस्ट, महारवाड्यातलाच माणूस. रोमन कॅथलिक धर्मकायद्याप्रमाणे मरणाच्या दारातल्या जिवाला कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. स्त्री असो, अडाणी असो, पाणी आणि शब्द बरोबर असले की तो संस्कार पुरा होतो, पोपनेही तो पुन्हा करायचा नाही. मूल वाचले. ते माझे थोरले चुलते. कित्येक महिन्यांनी फादर भेटले तेव्हा त्यांनी रजिस्टरात नोंद केली आणि बाप्तिस्मा देणाराच्या रकान्यात आजीचे नाव घातले.

या नोंदीचे मोल वाचकांनी समजून घ्यावे. त्याच झोपड्यांपासून हाकेच्या अंतरावर जे गाव होते तिथल्या पाणवठ्यावर आजीची घागर चालत नव्हती. महाडचा सत्याग्रह होऊन तीस वर्षे उलटली होती. आणि तीच घागर, तेच पाणी रोमच्या कायद्याने पुरेसे ठरले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंनी लग्नाची व बाप्तिस्म्याची नोंदवही ठेवावी असा दंडक घातला. त्या दंडकापायी युरोपातल्या शेतकऱ्यांप्रमाणे आमच्या आज्यांचीही नावे कागदावर आली. गावच्या दप्तरात महार आला तो बहुधा वतनापुरता, एकेरी. महारीण जवळजवळ नाहीच. चर्चच्या वहीत मात्र आईचे नाव लिहावेच लागते. ते लॅटिन वळणाने लिहिलेले असते, मूळ मराठी नावावर एखाद्या संताचे नाव चढवलेले असते. घरात ते संताचे नाव कुणी वापरत नसे. पण नाव असते.

पुढे आजोबा मिरजेला हमालीला लागले आणि बिऱ्हाड तिथेच रुजले. घरातला नेम साधा होता. दिवेलागणीला जपमाळ. आजी पुढे म्हणायची, बाकीच्यांनी मागे. एखादा पेंगला तर पाठीत रट्टा. व्हॅटिकन परिषदेच्या आधी, म्हणजे १९६५ पर्यंत, मिस्सा लॅटिनमध्ये असे. आजी त्यातली उत्तरे कानावरून अचूक देई व अर्थ विचारला तर हसे. देव मराठीत घरीच भेटायचा. उपवासकाळात मटण बंद. नाताळला करंज्या आणि पुरणपोळी. सप्टेंबरात जमले तर हरेगावची मतमावलीची यात्रा, म्हणजे माहेरची भेटही त्यात उरकायची. बाहत्तरच्या दुष्काळात जत-कवठेमहांकाळकडचे नातेवाईक आमच्याकडे येऊन राहिले. मिलो आणि सुकडी त्यांनी खाल्ली, आम्हीही खाल्ली. त्या वेळी सगळा दुष्काळी महाराष्ट्रच परदेशी धान्य खात होता. 'दूध पावडरीचा' हा शिक्का मात्र एकट्या आमच्या कपाळी आला.

घरात सारे आलबेल होते असे नाही. जात बाप्तिस्म्याच्या पाण्याने धुऊन गेली नव्हती. सोयरीक नगरकडच्या आपल्यातच. गोव्याकडची रेल्वेतली कुटुंबे रविवारी हसून बोलत, लग्नाचे नाव काढत नसत. आणि आमचे लोक मांग ख्रिस्त्यांना तीच वागणूक देत. हे आजीही करायची. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने चर्चमध्ये जातिभेद आहे हे आपल्या दलितविषयक धोरणात स्पष्ट कबूल केले ते २०१६ साली. बाबासाहेबांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाज सामाजिक अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही अशी टीका केली होती. ते लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही, सरकारने काढलेल्या पाचव्या खंडात १९८९ साली आले. माझ्या वडिलांनी ते वाचले नव्हते, पण छपन्नला दीक्षा घेतलेल्या आजीच्या भावाकडून ते त्यांना दर चौदा एप्रिलला ऐकावे लागे. येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी बाबासाहेबांचा फोटो आमच्याकडे लागला तो या भांडणांतूनच.

आता कायद्याकडे येतो. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणारा अनुसूचित जातीचा नाही असे ठरवले. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच. मद्रासच्या रस्त्यावर चांभारकाम करणाऱ्या सूसाई नावाच्या ख्रिस्ती माणसाला सरकारी टपरी नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली त्याचे म्हणणे फेटाळले. धर्मांतरानंतरही तेच हाल चालू राहतात हे पुराव्याने सिद्ध करा, असे त्याला सांगितले. रस्त्यावर जोडे शिवणे हा पुरावा पुरेसा नव्हता. महाराष्ट्रात आम्ही इतर मागासवर्गात मोडतो.

माझ्या वडिलांना शाळेत घालताना आजोबांनी 'ख्रिश्चन' लावले. थोरल्या चुलत्यांच्या वेळी मात्र मास्तरांनी परस्पर 'हिंदू महार' लिहिले होते, आणि ते कुणी दुरुस्त केले नाही. त्या दाखल्यावर चुलत्यांना सरकारी नोकरी लागली. वडील आयुष्यभर वर्कशॉपमध्ये राहिले. दोघे भाऊ, एका आईच्या हातचे, दोन कागद. चुलत्यांनी नोकरी लागल्यावर चर्च सोडले, म्हणजे दारातून आत जाणे सोडले. नाताळच्या मध्यरात्री ते घरीच थांबत. पण त्यांच्या घरी दिवेलागणीची जपमाळ चुकली नाही. दार लावून, हळू आवाजात. जो नेम आजीने फादर दूर म्हणून धरला होता, तो त्यांनी चर्च जवळ होते म्हणून धरला.

मी याला लबाडी म्हणत नाही. वडील म्हणत, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. ती स्वतःला हिंदू अनुसूचित जातीची म्हणत होती. तिच्या लहानपणीच्या बाप्तिस्म्याची नोंद तिच्याविरुद्ध गेली. निकालाची बातमी वाचली त्या दिवशी मला आमच्या चुलत्यांची नोंद आठवली. जी ओळ आजीच्या हातच्या पाण्याला मान देते, तीच ओळ तिच्या मुलाची भाकरी काढून घेऊ शकली असती. २०२२ साली केंद्राने न्यायमूर्ती बालकृष्णन आयोग या प्रश्नासाठी नेमला. आयोगापुढे कागद जातील. दार लावून म्हटलेली जपमाळ कशी जाणार?

चुलते निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी वारले. त्यांची मुले घाबरली होती. पेन्शनचे काय होईल, लोक काय म्हणतील. दहन करून मोकळे होऊ, असे एकजण बोलला. आजी तेव्हा नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अधू. ती म्हणाली, "म्या घातलंय त्याच्यावर पानी. मातीच द्यायची." मग मी फादरांकडे गेलो. त्यांनी चुलत्यांच्या बाप्तिस्म्याची तारीख विचारली. आजीच्या ट्रंकेत, लुगड्याखाली, चिठ्ठी सापडली. शाळेचा दाखलाही त्याच घडीत होता.