उंदराचा वाटा

पेणच्या गणपती कारखान्यांत सगळी चर्चा सोंडेची, हातांची आणि डोळ्यांच्या आखणीची. उंदीर लहानशा साच्यातून निघतो, रंग लागला की पायाशी जाऊन बसतो. पेणमधून आणि आसपासच्या हमरापूर, जोहे या गावांतून दरवर्षी लाखो मूर्ती बाहेर पडतात. तेव्हा उंदरांच्या निर्यातीतही हा तालुका देशात पहिला असायला हरकत नाही.

याच पेण-रोह्याच्या डोंगराकडेला कातकरी वाड्या आहेत, आणि कातकरी समाजात उंदीर नवमी नावाचा सण आहे. नाव सरळ उंदराचं. कातकरी शेतातले उंदीर, घुशी बिळं उकरून धरतात आणि खातात. उंदीर खाल्ला की आयुष्य वाढतं, सर्दी-खोकला जातो, केस लवकर पिकत नाहीत, अशी त्यांच्यातली समजूत. ज्याला खायचं त्याचाच सण.

हे नाव वाचलं आणि मला बेळगावची उंदरी आठवली. तिकडे गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, गणपती घरात असतानाच, उंदराच्या नावाने मटणाचा नैवेद्य शिजतो. तिथीने ती ऋषिपंचमी. म्हणजे एका घरात बैलाच्या कष्टाचं धान्यही वर्ज्य, आणि शेजारच्या घरात उंदराला रस्सा! हा रस्सा उंदराच्या पानात आला कुठून, एवढाच माझा प्रश्न आहे.

सोपं उत्तर असं की श्रावणभर तोंड बांधून बसलेल्यांना निमित्त हवं होतं. असेल. पण निमित्तच हवं तर मोराचं का नाही? गणेशपुराणात तर युगागणिक वाहन बदलतं, आणि मोरगावचा मयूरेश्वर मोरावरच बसतो. दुसरं उत्तर पुस्तकी आहे: हत्ती हे देवक असलेल्या टोळीने उंदीर देवक असलेल्या टोळीला जिंकलं. या टोळ्या कुठे राहत होत्या ते कुणी सांगत नाही, म्हणून हे उत्तर मी बाजूला ठेवतो. तिसरं मात्र वजनदार आहे. गणपती पिकाचा देव, कान सुपासारखे, म्हणून शूर्पकर्ण. आणि पिकाचा शत्रू त्याच्या पायाखाली. पेणच्या खारेपाटात हे कुणालाही पटेल. तिथे उंदीर भात खातोच, शिवाय बांधही पोखरतो. बांधाला खांड गेली की खाडीचं पाणी शेतात शिरतं आणि जमीन खारावते. पण दाबून ठेवलेल्या शत्रूला कुणी मटण वाढत नाही. तिसरं उत्तर तिथे अडतं.

माझं उत्तर वेदात आहे. चातुर्मास्य यज्ञांपैकी साकमेध या पर्वात त्र्यंबक होम येतो. घरातल्या प्रत्येक माणसामागे रुद्रासाठी एकेक पुरोडाश, म्हणजे यज्ञातली पोळी, भाजायचा, आणि एक जास्तीचा. आहुती द्यायची चव्हाट्यावर. जास्तीचा पुरोडाश मात्र उंदराने उकरलेल्या मातीच्या ढिगात पुरायचा आणि रुद्राला सांगायचं की आखू, म्हणजे उंदीर, हा तुझा पशू. तो घे, आमच्या गुराढोरांना हात लावू नकोस. रुद्राबरोबर त्याच्या बहिणीला, अंबिकेलाही भाग मिळतो. आज घरोघरी म्हटला जाणारा महामृत्युंजय मंत्र याच विधीत म्हणतात. आखू म्हणजे उंदीर नव्हे, चिचुंदरीसारखा जमीन उकरणारा एखादा जीव, असं काही पंडित म्हणतात. म्हणोत. बिळात राहणारा, माती उकरणारा प्राणी एवढं मला पुरे.

म्हणजे उंदीर आधी रुद्राचा, म्हणजे शिवाचा, आणि पुढे वारशाने मुलाकडे, गणपतीकडे आला. गणपतीच्या जुन्या मूर्तींत उंदीर दिसत नाही, तो मागाहून येतो, तेही या वारशाला धरूनच.

आता मटण. मानवगृह्यसूत्रात विनायक एक नाही, चार आहेत, आणि चौघेही छळणारे. याज्ञवल्क्यस्मृतीत त्यांचा एक होतो, अंबिका त्याची आई ठरते. त्याची शांत कशी करायची? सुपात तांदूळ, कच्चे-शिजवलेले मासे, तसंच मांस, मद्य, आणि मोदकसुद्धा, भरून चव्हाट्यावर ठेवायचं. पुन्हा चव्हाटा! पुढे हा विनायक विघ्नहर्ता झाला, देवघरात आला, मोदक त्याच्याकडे राहिले. मांसाचं काय करायचं? हक्काचा वाटा असा एकाएकी बंद होत नसतो, तो भाऊबंदांत फिरतो. बेळगावकडे तो उंदराकडे गेला. आपल्या कोकणात अनेक घरी तो गौरीकडे गेला: तिच्यापुढे कोंबडी-वडे, चिंबोऱ्या, आणि मध्ये गणपतीसाठी पडदा. रुद्राबरोबर भाग घेणारी अंबिका आणि पडद्याआड तिखट जेवणारी गौरी यांना मी एकच मानतो.

असा उंदीरवाला देव ग्रीसमध्येही होता. अपोलोचं एक नाव स्मिंथेउस, उंदरांचा स्वामी. इलियडच्या सुरुवातीला त्याचा पुजारी याच नावाने त्याला हाक मारतो आणि देव बाणांनी रोगराई पाठवतो. रुद्रही धनुर्धर, रोग देणारा आणि औषध जाणणारा. हे साम्य आंरी ग्रेगुआर या अभ्यासकाने 1949 मध्ये पुस्तकभर मांडलं. या अपोलोचं देऊळ आजच्या तुर्कस्तानात गुलपिनारला आहे. तिथल्या मूर्तीच्या पायाखाली उंदीर होता आणि ती स्कोपासने घडवली, असं स्ट्रॅबो लिहितो. ऱ्होड्स बेटावर स्मिंथिया नावाचा सणही होता.

आता परत आपल्या डोंगराकडेला. वैदिक ऋत्विज आणि कातकरी एकमेकांकडून काही शिकले का? मला वाटतं, शिकले असतील तर ऋत्विज. बीळ कुठे आहे आणि त्यात कोण राहतं हे गावात ज्याला ठाऊक असतं, त्यालाच विचारून तो पुरोडाश पुरला गेला असणार.