इगतपुरीला बदलणारे इंजिन

गोंदिया-नागपूरकडून मुंबईला जाणाऱ्या जुन्या प्रवाशांना इगतपुरीचा लांब थांबा आठवत असेल. तिथे इंजिन बदलत असे. का, असे विचारले तर ‘इकडे एसी, तिकडे डीसी’ एवढेच उत्तर मिळे. उत्तर बरोबर होते, पण अपुरे होते. एसी-डीसीइतकाच महत्त्वाचा होता तो तारेतला दाब: इगतपुरीच्या पश्चिमेला १,५०० व्होल्ट, पूर्वेला २५,०००. एकाच रुळावर असे दोन हिशेब कसे आले, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

जॉर्ज सायमन ओहम हा एर्लांगेनच्या एका कुलूपकाराचा मुलगा. बाप स्वतःच्या बळावर गणित शिकला आणि त्याने ते मुलांना शिकवले. कोलोनच्या शाळेत मास्तरकी करताना ओहमने तारेची लांबी आणि प्रवाह यांचा संबंध शोधायला घेतला, पण १८२५ च्या निबंधातले त्याचे सूत्र चुकले. दोष घटाचा होता. प्रयोग चालू असतानाच त्याचा दाब उतरत होता. पोगेनडॉर्फच्या सल्ल्यावरून त्याने बिस्मथ आणि तांबे यांचा जोड वापरला. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. दाब स्थिर झाला आणि नियम सापडला. १८२७ च्या पुस्तकात तो आला: दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. जर्मनीत त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिले, तेव्हा कुठे मान मिळाला. योगायोग असा की त्याच वर्षी ज्यूलने दाखवून दिले, तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. माझ्या मते आपल्या रेल्वेचा सारा इतिहास या ‘वर्गा’त आहे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती १,५०० व्होल्ट डीसीवर. १९३० पर्यंत तारा थळ घाट चढून इगतपुरीला पोहोचल्या. त्या काळी डीसी निवडणे शहाणपणाचेच होते. डीसी मोटर सुरुवातीलाच जोर लावते आणि सदतिसात एक असा कसारा घाटाचा चढ चढायला तोच जोर लागतो. एसीचे डीसी करणारे यंत्र इंजिनात मावेल आणि टिकेल अशी खात्री तेव्हा नव्हती.

आता आकडे मांडून पाहू. आकडे माझे आहेत, हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेले. उपकेंद्रातून १,५०० व्होल्टवर २,००० अँपिअर निघाले. दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती: ३,००० किलोवॅट. चार-दोन किलोमीटरवरच्या इंजिनापाशी मीटर १,२०० व्होल्ट दाखवतो. म्हणजे वाटेत ३०० व्होल्ट गेले. त्यांना २,००० ने भागा: तार आणि रूळ (परतीचा प्रवाह रुळांतूनच जातो, हे पुष्कळांना माहीत नसते) मिळून रोध अवघा ०.१५ ओहम. हातभर तारेच्या तुकड्याएवढा क्षुल्लक वाटणारा हा आकडा ६०० किलोवॅट खातो, म्हणजे पाठवलेल्याचा पाचवा हिस्सा. इंजिनाच्या हाती उरतात २,४००.

तीच ३,००० किलोवॅट शक्ती २५,००० व्होल्टवर पाठवली तर प्रवाह उरतो १२० अँपिअर. तोच ०.१५ ओहम रोध धरला तर घट १८ व्होल्टची आणि नासाडी २,१६० वॅटची. कुठे सहा लाख वॅट आणि कुठे दोन हजार! अर्थात प्रत्यक्षात चित्र इतके गोजिरे नसते. एसीत तार रोधाखेरीज आणखीही अडथळा करते. शिवाय प्रवाह कमी म्हणून तारही बारीक घेतात, मग तिचा रोध वाढतो. पण तांब्याची बचत हाच तर फायदा. डीसीला दर काही किलोमीटरवर उपकेंद्र हवे; एसीला ते चाळीस-पन्नास किलोमीटरवर चालते. मुंबईच्या गर्दीच्या उपनगरांत जवळजवळची उपकेंद्रे परवडली. धानाच्या बांध्या आणि जंगल यांतून जाणाऱ्या आमच्या हावडा मार्गावर ती परवडली नसती.

१९५७ मध्ये भारतीय रेल्वेने फ्रेंच तज्ज्ञांच्या सल्ल्याने २५,००० व्होल्टची पद्धत स्वीकारली आणि डिसेंबर १९५९ मध्ये केंदपोसी-राजखरसावां भागात पहिली गाडी धावली. ही आग्नेय रेल्वे, म्हणजे गोंदियाला नकाशावर आणणाऱ्या बंगाल-नागपूर रेल्वेचीच वारस. मुंबईतली डीसी मात्र टिकून राहिली, कारण हजारो डबे आणि सगळी यंत्रणा एका रात्रीत बदलत नाही. दोन्ही दाबांवर चालणारी इंजिने आली, मग तारा बदलत गेल्या आणि २०१६ मध्ये हार्बर मार्गावर मुंबईतली डीसी संपली. त्याआधीच इगतपुरीच्या थांब्याचे प्रयोजन सरले होते.

हाच हिशेब आज गोंदिया जिल्ह्यात उलट्या दिशेने चालतो. तिरोड्याच्या औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३,३०० मेगावॅट. कोराडी, अकोला मार्गे औरंगाबादकडे जाणारी वाहिनी ७६५ किलोव्होल्टची. सगळी वीज त्या दाबावर पाठवली असे धरले, तर तीन फेजच्या सूत्राने (१.७३२ ने भागून) प्रत्येक फेजमध्ये सुमारे २,४९० अँपिअर येतात. जनित्राजवळच्या, समजा २२ किलोव्होल्टवर, तेच ८६,६०० झाले असते आणि त्याच रोधातली नासाडी बाराशे पट.

दाब इतका चढवून वीज राज्य ओलांडते. शेतात येताना तो उतरवत ४१५ व्होल्टवर आणतात, आणि रोहित्रापासून शेवटच्या खांबापर्यंत तारा लांबल्या की ओहमचा नियम पुन्हा भेटतो. उन्हाळी धानाला एकाच वेळी सगळे पंप चालू झाले की प्रवाह वाढतो, दाब पडतो. पाच अश्वशक्तीच्या पंपाला ४१५ ऐवजी ३४५ व्होल्ट मिळाले, तरी पाणी तेवढेच उचलायचे असते. म्हणून मोटर साडेसातऐवजी नऊ अँपिअर ओढते. नऊ भागिले साडेसात, त्याचा वर्ग १.४४. वाइंडिंगमध्ये उष्णता ४४ टक्क्यांनी जास्त. मोटर जळाली की शेतकरी ‘होल्टेज नव्हतं’ म्हणतो आणि ती मोटारसायकलला बांधून रिवायंडिंगच्या दुकानात नेतो. तोवर बांधीतले पाणी आटत असते.